सेन नदीच्या काठची एक दुपार

डांबरी सडक सोडून नदीकाठच्या पायवाटेने एकवीस किलोमीटर धावण्याच्या शर्यती हल्ली जागोजाग भरू लागल्या आहेत. ‘हाफ मॅरेथॉन’ हे नाव आता कोणाला परके वाटत नाही. पण तीच दौड काठाकाठाने, ओढे ओलांडीत, कधी गोट्यांवरून तर कधी चिखलातून काढायची म्हणजे तिला निराळीच चव येते, असे धावणारी मंडळी सांगतात. सडकेवर धावणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे असते, पायवाटेने धावणाऱ्याचे पायांखाली. तिथे दर पावलाला जमीन बदलते, आणि दर पावलाला नवा विचार करावा लागतो.

मॅरेथॉनची कुळकथा तुम्हांला ठाऊकच असेल. ग्रीकांचा तो दूत, ती विजयाची वार्ता आणि त्याचा तो अंत. ती कथा कितपत खरी यावर पंडितांचे वाद आहेत. ते असो. पण या आडवाटेच्या दौडीलाही तिची स्वतःची कुळकथा आहे, आणि तिला दंतकथेचा आधार घ्यावा लागत नाही. तिच्यात शाळकरी पोरे आहेत, सुतार आहेत, कारखान्यातले कामगार आहेत. आणि तिच्यात पॅरिसजवळची, सेन नदीच्या काठची एक भयंकर दुपार आहे. १२ जुलै १९२४ ची ती दुपार. त्या दुपारी जे घडले त्यामुळे हा खेळ ऑलिंपिकमधून जो बाहेर पडला तो आजतागायत परत आत येऊ शकलेला नाही. दोष खेळाचा होता, की त्याला चुकीच्या दिवसांत आणि चुकीच्या प्रहरी मैदानात उतरवणाऱ्यांचा? आपल्याला आज त्याचाच विचार करायचा आहे.

पण त्या दुपारपर्यंत पोहोचायचे तर आधी शंभर वर्षे मागे, इंग्लंडात, गेले पाहिजे.

इंग्लंडच्या पश्चिमेला सेव्हर्न नावाची नदी आहे. ती श्रूजबरी या गावाला असा काही विळखा घालते की गाव जवळजवळ बेटच होऊन बसते. तिथल्या जुन्या शाळेतल्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक खेळ काढला. मोठ्या लोकांच्या कोल्ह्याच्या शिकारीची ती नक्कल होती. दोन पोरे ‘कोल्हे’ व्हायची आणि कागदाचे कपटे टाकीत पुढे पळायची. बाकीची पोरे ‘कुत्री’ होऊन त्या कपट्यांच्या मागावर सुटायची. कुंपण आडवे आले तर त्यावरून उडी, ओहोळ आडवा आला तर त्यातून चालते व्हायचे. या मंडळाचे नावच ‘हंट’, म्हणजे शिकार. आडवाटेने धावणाऱ्यांचे जगातले सर्वांत जुने मंडळ म्हणून त्याचा मान आहे. चार्ल्स डार्विन याच शाळेचा विद्यार्थी, पण तो पडला किडे गोळा करणारा! रग्बी गावच्या शाळेनेही १८३० नंतरच्या दशकात असाच प्रकार सुरू केला. ‘टॉम ब्राऊन्स स्कूलडेज’ ही कादंबरी १८५७ साली निघाली, तिच्यात ससा आणि शिकारी कुत्र्यांच्या या खेळाचे वर्णन आले, आणि खेळ शाळेच्या भिंतीबाहेर पडला. १८६८ साली लंडनच्या रोहॅम्प्टन भागात ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हे मोठ्या माणसांचे मंडळ निघाले. १८७६ साली एपिंगच्या जंगलात राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली शर्यत ठरली, तर सगळेच धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द करावी लागली! पुढच्या वर्षी ती नीट पार पडली.

यातली एक गोष्ट मात्र ध्यानात धरा, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे. हा सारा हिवाळ्याचा खेळ. पिके निघून गेली, शेते मोकळी पडली, की मगच शेतकरी आपल्या बांधावरून कोणाला पळू देणार. आपल्याकडे सुगी आटोपल्यावर जत्रा-उरूस आणि गाड्यांच्या शर्यती सुरू होतात, त्यातलाच हा प्रकार. तिकडे ऑक्टोबर ते मार्च हा या दौडीचा हंगाम. थंडी, धुके, घोट्याइतका चिखल. धावणाऱ्याचे अंग तापते आणि हवा ते निववते. इतिहासाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की सनावळ्या पाठ करता तशी कधी महिन्याकडेही नजर टाका. मोहिमा पुष्कळदा सनाने नव्हे, महिन्याने बुडतात. नेपोलियनला हे मॉस्कोहून परतताना कळले.

ऑलिंपिकचे सामने मात्र उन्हाळ्यातले. १९१२ साली स्टॉकहोमला क्रॉस-कंट्री, म्हणजे ही आडवाटेची दौड, प्रथम ऑलिंपिकमध्ये आली. अंतर सुमारे १२ किलोमीटर. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन. फिनलंड तेव्हा रशियाच्या अमलाखाली होते, म्हणून त्याच्या विजयानंतर निशाण चढले ते रशियाचे. १९१७ च्या डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाले, आणि १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पला फिनिश लोक आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली धावले. तिथे ८ किलोमीटरची क्रॉस-कंट्री जिंकली पावो नुर्मी नावाच्या २३ वर्षांच्या पोराने, आणि मॅरेथॉन जिंकली त्याच कोलेमाइनेनने.

त्या मॅरेथॉनमध्ये आपला एक माणूस होता, म्हणून थोडे विषयांतर करतो. बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. डेक्कन जिमखाना ही पुण्याची मुठेच्या पलीकडच्या काठची संस्था. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत त्यांनी शेतकऱ्यांची मुले अनवाणी पायांनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहिली. शास्त्रशुद्ध तयारी नाही, खुराक बेताचा, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी ठेवण्याजोग्या! टाटांनी मनावर घेतले, आणि १९२० साली भारताचा संघ अँटवर्पला गेला. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. आज हा आकडा साधा वाटेल. पण बेळगावकडच्या मातीत धावलेला मुलगा, समुद्रापलीकडचा थंड, ओला देश, आणि समोर कोलेमाइनेनसारखे गडी, हे सारे ध्यानात घेतले म्हणजे त्या १९ व्या क्रमांकाचे मोल कळते.

आता पॅरिस. १९२४ चे ऑलिंपिक. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सामने ओळखीचे वाटतील. एरिक लिडेलने ४०० मीटर जिंकली ती ११ जुलैला, म्हणजे आपल्या गोष्टीच्या आदल्या दिवशी. मुख्य मैदान पॅरिसच्या वायव्येला कोलोंब या उपनगरात होते. सेन नदी या भागात मोठमोठी वळणे घेत जाते. क्रॉस-कंट्रीचा मार्ग मैदानातून निघून नदीकाठच्या मोकळ्या जागेतून फिरून पुन्हा मैदानात येणारा. अंतर १०,६५० मीटर, म्हणजे आजच्या हाफ मॅरेथॉनचे निम्मे. कागदावर पाहिले तर भिण्याजोगे काही नाही.

पण काठ म्हणजे काही हिरवळीचा गालिचा नव्हता. दगडगोट्यांच्या वाटा, आणि त्यांवर गुडघ्यापर्यंत माजलेले तण. जवळच विजेचा कारखाना. त्याच्या धुराड्यांतून निघणारा घाणेरडा धूर वाटेवर उतरत होता. आणि या सगळ्यावर ऊन. पॅरिसमध्ये त्या आठवड्यात उष्णतेची लाट आली होती. त्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर होता. ४५ अंशांपर्यंतचे आकडे त्या दिवसाच्या वृत्तांतांत आढळतात. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला ४५ अंश म्हणजे काय ते सांगायला नको. तिथला माणूस त्या उन्हात डोक्याला उपरणे गुंडाळून सावली धरतो. इथे युरोप-अमेरिकेतली ३८ माणसे, बहुतेक थंड मुलखांतली, उघड्या डोक्यांनी भर दुपारी जिवाच्या कराराने धावायला उभी होती.

त्यांतल्या नुर्मीची थोडी ओळख करून देतो. जन्म १३ जून १८९७, गाव तुर्कू. बाप सुतार होता, तो १९१० साली वारला. पावो तेव्हा बारा वर्षांचा. शाळा सुटली आणि पोरगा एका बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. मालाने भरलेली हातगाडी चढावरून ढकलायची हे त्याचे काम. पुढे जे पाय सगळ्या जगाने पाहिले त्यांची पहिली तालीम ती. स्वभावाने अबोल, जवळजवळ घुमाच. धावताना हातात घड्याळ धरायचा आणि प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून आपली चाल राखायचा. त्याचा जोडीदार व्हिले रितोला हाही फिनिशच, पण अमेरिकेत स्थायिक झालेला, सुतारकाम करणारा. पॅरिसला या दोघांची आपसांतच चुरस होती. ६ जुलैला १०,००० मीटर रितोलाने जिंकली; तीत नुर्मीला फिनिश अधिकाऱ्यांनी उतरवलेच नव्हते, आणि तो राग त्याच्या मनात होता म्हणतात. १० जुलैला नुर्मीने १,५०० मीटर जिंकली आणि तासाभराच्या आतच ५,००० मीटरही जिंकली, तीही रितोलाला मागे टाकून. आजच्या एखाद्या प्रशिक्षकाला हे वेळापत्रक दाखवा, तो कपाळाला हात लावील. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १२ तारखेला, ही क्रॉस-कंट्री!

शर्यत सुटली. सुरुवातीला पुढे होता स्वीडनचा एडविन वीडे. हाही काही लेचापेचा गडी नव्हता. सहा दिवसांपूर्वीच १०,००० मीटरमध्ये तो रितोलाच्या मागे दुसरा आला होता. मैदानातून निघालेले ३८ जण डोळ्यांआड झाले. मैदानात बसलेल्या प्रेक्षकांना काठावर काय चालले आहे हे कळायला मार्ग नव्हता. आजच्यासारखा दूरदर्शनचा कॅमेरा नाही, काही नाही. ते वाट पाहत बसले.

काठावर माणसे कोसळत होती.

शरीराचे गणित काय असते ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर या प्रकाराचा उलगडा होणार नाही. धावताना स्नायू जेवढी शक्ती वापरतात तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगात साठते. एरवी ती त्वचेवाटे हवेत निघून जाते. पण त्वचेपेक्षा हवाच अधिक तापलेली असली म्हणजे काय होणार? उष्णता बाहेर जायची ती उलट आत यायला लागते. मग एकच दार उरते, घाम. घाम यायचा तर अंगात पाणी हवे, आणि शर्यतीत मध्ये थांबून पाणी पिण्याची रीत त्या काळी फारशी नव्हती. रक्ताला एकाच वेळी स्नायूंकडेही धावायचे असते आणि कातडीकडेही. दोन्हीकडे पुरेना झाले की मेंदूचा तोल सुटतो. माणूस पडण्याच्या आधी भरकटतो. मैदानात परतलेल्या धावपटूंची जी अवस्था प्रेक्षकांनी पाहिली ती या भरकटण्याचीच होती.

पहिला आत आला नुर्मी. सरळ, एका लयीत, जणू सकाळचा फेरफटका मारून येतो आहे. वेळ ३२ मिनिटे ५४.८ सेकंद. थकव्याची खूण अगदी थोडी. साहजिकच लोकांना वाटले, शर्यत काही फारशी कठीण नसावी. मग जवळजवळ दीड मिनिटाने रितोला आला, ३४ मिनिटे १९.४ सेकंदांत. तिसरा आला अमेरिकेचा अर्ल जॉन्सन, पोलादाच्या कारखान्याच्या संघातून धावणारा कृष्णवर्णीय गडी. ३५ मिनिटे २१ सेकंद. चौथा इंग्लंडचा एर्नी हार्पर. आणि मग जे येऊ लागले ते पाहून प्रेक्षकांचे हसू मावळले. कोणी झोकांड्या खात आला, कोणी दिशा हरवून. एक जण मैदानात शिरल्यावर जागच्या जागी लहान लहान घिरट्या घालू लागला, आणि मग बाकांकडे धावत सुटून तिथे डोके आपटून बेशुद्ध पडला. शेवटाला पोहोचले फक्त १५. त्यांतल्याही ८ जणांना झोळीवर घालून न्यावे लागले. बाकीचे २३ वाटेतच राहिले. रेड क्रॉसची माणसे नंतर कितीतरी वेळ नदीकाठच्या गवतातून पडलेल्या धावपटूंना शोधत फिरत होती. सुरुवातीला पुढे असलेला वीडेही शुद्ध हरपून पडला. त्याला रुग्णालयात नेले, आणि तो तिथे मेल्याची वार्ताही पसरली.

आता एक बारीक गोष्ट. या शर्यतीत दोन पदके होती, एक ज्याचे त्याचे आणि एक संघाचे. संघाच्या पदकासाठी प्रत्येक देशाचे पहिले तीन गडी मोजायचे. ज्या देशाचे तिघे पोहोचणार नाहीत तो देश बाद. फिनलंडचे दोघे तर पहिला-दुसरा आले होते, पण तिसरा कुठे आहे? बाकीचे फिनिश धावपटू वाटेतच गळाले होते. उरला होता एकच, हेइक्की लिमातैनेन. चार वर्षांपूर्वी अँटवर्पलाही तो सुवर्णपदकाच्या संघात होता. तिकडे अमेरिकेचा तिसरा गडी, ऑगस्ट फेगर, येऊनही चुकला होता.

लिमातैनेन आला खरा, पण त्याला आपण कुठे आहोत याची शुद्ध नव्हती. पाय ओढीत, जेमतेम पुढे सरकत तो मैदानात शिरला. त्याच्या पुढचा एक धावपटू शेवटच्या रेषेपासून ५० मीटरांवर कोसळला. लिमातैनेन तिथेच थांबला. त्याला वाटले, संपली शर्यत. तो वळला आणि धावपट्टीबाहेर पडायची वाट शोधू लागला. लोक ओरडताहेत, हात करताहेत, आणि हा मनुष्य ऐकूनही न ऐकल्यासारखा उभा. दोन सुवर्णपदक-विजेत्यांचे श्रम आणि एका सात वर्षांच्या स्वतंत्र देशाचे संघपदक त्या पन्नासेक पावलांवर अडून राहिले होते. केवढा हा पेच! अखेर काय झाले कोण जाणे, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो योग्य दिशेला वळला आणि रखडत रेषेपलीकडे गेला. क्रमांक बारावा. फिनलंडचे गुण ११, अमेरिकेचे १४, फ्रान्सचे २०. चौथा संघच नव्हता, कारण दुसऱ्या कोणत्याही देशाचे तिघे पोहोचले नव्हते. नुर्मीच्या विजयावर पुस्तके निघाली, तुर्कूत त्याचा पुतळा आहे. मला विचाराल तर त्या दुपारचा खरा माणूस हा बारावा. नुर्मीला ऊन बाधलेच नाही म्हटले तरी चालेल; याला ते पुरते बाधले आणि तरीही तो वळला.

दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, नुर्मी ३,००० मीटरच्या सांघिक शर्यतीत उतरला आणि पुन्हा पहिला आला. ते त्याचे त्या सामन्यांतले पाचवे सुवर्णपदक. रितोलाची चार सुवर्ण आणि दोन रौप्य. त्याच दिवशी मॅरेथॉन होती. ती सुटली संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, आणि जिंकली तीही फिनलंडनेच. आपला महादेव सिंग तिच्यात २९ वा आला. पल्ला ४२ किलोमीटरांचा, म्हणजे क्रॉस-कंट्रीच्या चौपट. तरीही आदल्या दिवशीसारखा हाहाकार उडाला नाही.

आणि तरी शिक्षा झाली ती क्रॉस-कंट्रीला! १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तिला जागा मिळाली नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. हा खेळ माणसाच्या शरीराला झेपणारा नाही, असे वृत्तपत्रांतून आणि समित्यांतून म्हटले गेले. मला हा निवाडा पटत नाही. श्रूजबरीची पोरे शंभर वर्षे धावत होती. १९०३ पासून दर वर्षी निरनिराळ्या देशांचे संघ क्रॉस-कंट्रीच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी जमत होते, महायुद्धाची वर्षे सोडली तर. तिथे असा प्रकार घडला नाही, कारण त्या शर्यती थंडी सरता सरता होत. सेनच्या काठी माणसे पडली ती वाट खडकाळ होती म्हणून नव्हे, तण गुडघ्याला लागत होते म्हणूनही नव्हे. हिवाळ्यात वाढलेला खेळ उचलून जुलैतल्या दुपारी आणून ठेवला म्हणून ती पडली. वेळापत्रक आखणाऱ्यांनी एक पाहिले: त्या वेळी मैदान मोकळे आहे, प्रेक्षक आलेले आहेत. पारा त्यांनी पाहिला नाही. आणि पाहिला असला तरी शर्यत चार तास पुढे ढकलण्याचे कोणाच्या मनात आले नाही. गुन्हा घड्याळाचा आणि फाशी पायवाटेला, असला तो न्याय.

कोणी म्हणेल, मग नुर्मी कसा धावला? नुर्मी अपवाद होता. अपवादावरून वेळापत्रक आखू नये, हे शहाणपण जगाला फार उशिरा सुचले. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने मध्यरात्री सोडली, तरी ६८ जणींपैकी २८ जणींना ती अर्ध्यावर टाकावी लागली. त्या रात्री पारा तिशीच्या वर होता आणि हवा दमट. त्याच वर्षी तोक्योच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन शेकडो किलोमीटर उत्तरेला, साप्पोरोला हलवण्याचा निर्णय झाला, आणि ती २०२१ साली तिथे धावली गेली. म्हणजे शर्यत बंद न करता जागा आणि वेळ बदलता येते. १९२४ सालीही ती बदलता आली असती.

या दौडीची एक आठवण मात्र मैदानात शिल्लक आहे. स्टीपलचेस नावाची शर्यत तुम्ही पाहिली असेल. तीत लाकडी अडथळे असतात आणि एका अडथळ्यापुढे पाण्याचा खड्डा. धावपटू त्यात पाय भिजवीत उतरतात. नव्या प्रेक्षकाला हा पोरखेळ वाटतो. पण ती शर्यत १८५० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या आडवाटेच्या दौडीतून निघाली. तो लाकडी अडथळा म्हणजे शेताचे कुंपण, आणि तो खड्डा म्हणजे इंग्लंडातला एखादा ओहोळ, मैदानात आणून बसवलेला. नदीला ऑलिंपिकमधून घालवले, तिचा ओंजळभर अंश तेवढा ठेवून घेतला.

१९७३ पासून क्रॉस-कंट्रीची स्वतंत्र जागतिक स्पर्धा आहे आणि तिच्यावर केनिया, इथिओपिया आणि युगांडा या देशांचा वरचष्मा आहे. २०२४ चे ऑलिंपिक पुन्हा पॅरिसला भरणार हे ठरल्यावर, शंभर वर्षांनी त्याच गावी ही शर्यत परत आणावी असा प्रस्ताव जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मांडला होता. स्त्री-पुरुषांची मिळून टप्प्याटप्प्याची दौड असे तिचे रूप होते. २०२० च्या डिसेंबरात ऑलिंपिक समितीने तो नाकारला. कोलोंबचे ते जुने मैदान मात्र २०२४ साली वापरात होते. तिथे हॉकीचे सामने झाले, आणि भारताने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक घेतले ते त्याच जागी. सामने पाहणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांना त्या मैदानाची ही जुनी हकीगत माहीत होती कोण जाणे.

आपल्याकडे नदीकाठच्या या दौडींचे आयोजन करणाऱ्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की शर्यतीची तारीख ठरवताना मंगल कार्यालयाची आणि पाहुण्यांची सोय पाहाल तशी थर्मामीटरचीही पाहा. आपल्या मुलखात मार्गशीर्ष-पौषातली पहाट याच कामासाठी घडवली आहे असे वाटावे इतकी सोयीची असते. फाल्गुन सरला की नऊ वाजताच काठावरचे खडक तापू लागतात, आणि एकवीस किलोमीटर म्हणजे सर्वसाधारण माणसाला दोन-अडीच तास. आडवाटेने त्याहून अधिक. दर तीन-चार किलोमीटरांवर पाणी हवे, आणि जो भरकटतो आहे असे दिसेल त्याला धरून सावलीत बसवण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. धावणारा स्वतः थांबणार नाही. लिमातैनेनला आपण कुठे उभे आहोत हेही कळत नव्हते, मग थांबायचे तो कसे ठरवणार?

गोष्टीतल्या माणसांचे पुढे काय झाले, एवढे सांगून संपवतो. नुर्मीला १९३२ साली पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून ऑलिंपिकला मुकावे लागले. पण १९५२ साली हेलसिंकीच्या मैदानात ज्योत घेऊन शिरला तो तोच, आणि मनोऱ्यावरची ज्योत पेटवली ती वृद्ध कोलेमाइनेनने. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे तुम्हांला ठाऊकच आहे. राहता राहिला वीडे, स्वीडनचा, ज्याच्या मरणाची वार्ता पॅरिसभर झाली होती. तो मेला नव्हता. शुद्धीवर आला, घरी गेला, पुन्हा धावू लागला. १९२६ साली बर्लिनला त्याने १,५०० मीटरमध्ये नुर्मीलाही मागे टाकले, आणि १९२८ साली ॲम्स्टरडॅमला ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये दोन कांस्यपदके घेतली. पेशाने तो शिक्षक होता. तो वारला १९९६ साली, वयाची शंभरी पूर्ण करून.